तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीतल्या रेल्वेप्रवासात एका रात्रीचा मुक्काम कुठे करावा?

जर्मनीला येणारे ओळखीचे लोक प्रवासाची आखणी करू लागले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. म्युनिकला उतरून हॅम्बुर्गला किंवा बर्लिनला जायचे आहे, प्रवास रेल्वेचा आहे, सोबत कधी लहान मुले तर कधी सत्तरीतले आईवडील आहेत, आणि वाटेत एक रात्र थांबायचे आहे. तर कुठे थांबावे? आजवर मी प्रत्येकाला गावाचे नाव तेवढे कळवत आले. त्यामागची कारणे सविस्तर लिहायची राहून गेली होती, ती आज लिहिते.

बहुतेक जण नकाशा उघडतात, वाटेवरचे सर्वांत प्रसिद्ध शहर निवडतात आणि तिथे हॉटेल शोधू लागतात. माझा आग्रह असा की आधी रेल्वे स्थानक पाहावे आणि मग गाव. वाटेतल्या मुक्कामात हाती असतात ती फार तर सोळा-सतरा तास, आणि त्यांतली निम्मी झोपेत, अंघोळीत आणि सामान आवरण्यात जातात. उरते ती एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. एवढ्या वेळात जे गाव पायी फिरून पाहता येते, आणि जिथून सकाळची गाडी चुकली तरी तासाभरात दुसरी मिळते, ते गाव मुक्कामाला योग्य. न्यूरेंबर्ग आणि लाइपझिग ही दोन्ही शहरे म्युनिक-बर्लिन वाटेवरच आहेत आणि दोन्ही मला फार आवडतात, पण त्यांना किमान दोन दिवस द्यावे लागतात. एका रात्रीत ती उरकू नयेत.

दुसरी गाडी मिळण्याचा मुद्दा मी उगीच पुढे आणलेला नाही. जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर चालते, ही आपल्याकडची समजूत आता जुनी झाली आहे. 2024 साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच गाड्या वेळेवर धावल्या, आणि तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे ‘वेळेवर’ असे धरून. अनेक वर्षे रखडलेली रुळांची कामे आता एकदम हाती घेतली आहेत. त्यासाठी फ्रँकफर्ट आणि मानहाइम यांच्यामधला अतिशय वर्दळीचा मार्ग 2024 मध्ये जुलैपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण बंद ठेवला होता. अशा काळात मुक्काम जंक्शनवर असणे मोलाचे ठरते, कारण एक मार्ग अडला तरी दुसऱ्या मार्गाने निघता येते. आडमार्गावरचे गाव कितीही देखणे असले तरी तिथे गाडी रद्द झाली की पुढचा सगळा दिवस कोलमडतो.

म्युनिक-बर्लिन प्रवासासाठी माझे उत्तर एर्फुर्ट असे आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललेले नाही. खरे तर डिसेंबर 2017 मध्ये नवा वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून म्युनिकहून बर्लिनला सर्वांत जलद गाडीने चार तासांच्या आत पोहोचता येते, त्यामुळे निव्वळ थकवा टाळण्यासाठी या वाटेवर थांबण्याची गरज उरलेली नाही. थांबायचे ते गावासाठी. म्युनिकहून एर्फुर्ट साधारण सव्वादोन ते अडीच तास आणि तिथून बर्लिन पावणेदोन तास, म्हणजे वाट जवळजवळ अर्ध्यावर तुटते. फ्रँकफर्टहून लाइपझिग आणि ड्रेस्डेनकडे जाणाऱ्या गाड्याही एर्फुर्टलाच थांबत असल्याने स्थानक लहान असूनही चारी दिशांना गाड्या मिळतात.

स्थानकातून बाहेर पडल्यावर समोरच्या इमारतीच्या छतावर मोठी अक्षरे दिसतात. ‘विली ब्रांट, खिडकीत या’ अशा अर्थाची ती हाक आहे. 19 मार्च 1970 रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट पूर्व जर्मनीचे पंतप्रधान विली श्टोफ यांना भेटायला इथे आले होते. दोन जर्मन सरकारांच्या प्रमुखांची ती पहिली भेट. ब्रांट समोरच्या त्या हॉटेलात उतरले, चौकात जमलेल्या पूर्व जर्मन लोकांनी त्यांच्या नावाचा घोष केला, आणि ते खिडकीत येऊन उभे राहिले. सामान ओढत हॉटेलकडे निघालेला प्रवासी गावात शिरण्याआधीच विसाव्या शतकाच्या एका महत्त्वाच्या घटनेसमोर उभा असतो; यासाठी ना तिकीट लागते, ना वेळ मोडावा लागतो.

तिथून सरळ रस्त्याने दहा मिनिटे चालले की गावाचा मध्य येतो, आणि आणखी थोडे पुढे क्रेमरब्रुके हा दगडी पूल. 1325 साली बांधलेल्या या पुलाच्या दोन्ही कडांना आज 32 घरे आहेत आणि त्यांत लोक राहतात. पुलावरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही, कारण दोन्ही बाजूंना घरे आणि दुकाने, मध्ये अरुंद फरसबंदी गल्ली, आणि पाणी कुठेच दिसत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पूल ओलांडल्यावर बाजूने खाली उतरा आणि गेरा नदीच्या काठावरून त्याच्याकडे पाहा; कमानी, त्यांच्यावर रचलेली लाकडी चौकटींची घरे आणि खालून वाहणारे उथळ पाणी हे सारे तिथूनच नजरेत येते. सकाळी लवकर, दुकाने उघडण्याआधी, याच पुलावर पुन्हा जावे. दिवसभरासाठी येणारे पर्यटक तोवर आलेले नसतात, आणि मुक्काम करणाऱ्याला हा जास्तीचा तास फुकट मिळतो. कॅथेड्रल आणि सेव्हेरी चर्च ही दोन मोठी चर्च एकाच टेकाडावर शेजारी शेजारी उभी आहेत. तिथे चढून जायला रुंद पायऱ्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्यांनी चढायचे टाळले तरी खालच्या चौकातून संध्याकाळच्या उन्हात ती उत्तम दिसतात. जुने सिनगॉग आणि मध्ययुगीन ज्यू वस्तीच्या इतर खुणा 2023 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी मात्र गाडी दुपारची घ्यावी.

हॅम्बुर्गच्या वाटेसाठी उत्तर वेगळे आहे. म्युनिक ते हॅम्बुर्ग हा सहा तासांच्या आसपासचा प्रवास असून आईवडील सोबत असतील तर तो खरोखरच तोडावा. इथे मी व्युर्त्सबुर्ग आणि ग्योटिंगेन यांपैकी एक निवडायला सांगते. व्युर्त्सबुर्गचे स्थानक गावाच्या कडेला लागूनच आहे. राजवाडा पायी पंधरा मिनिटांवर असून जिन्यावरचे इटालियन चित्रकार टिएपोलोचे प्रचंड छतचित्र पाहण्यासाठी तेवढा एकच दिवाणखाना पाहिला तरी मुक्काम सार्थकी लागला असे मी मानते. 16 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळून खाक झाले, तरी वास्तुकार बाल्थाझार नॉयमानने बांधलेली ही कमानदार छत टिकली आणि तिच्याबरोबर चित्रही वाचले. हा राजवाडा सोमवारीही उघडा असतो, आणि ही गोष्ट आखणीत फार उपयोगी पडते, कारण जर्मनीतली बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. संध्याकाळी जुन्या पुलावर सारे गाव हातात वाइनचे पेले घेऊन उभे असते. वाइन न घेणाऱ्यांनीही तिथे जावे, कारण किल्ला, नदी आणि द्राक्षमळे तिथून एकाच नजरेत येतात. विज्ञानाची आवड असलेली मुले सोबत असतील तर त्यांना हेही सांगावे की रोंटगेनने 1895 साली क्ष-किरणांचा शोध लावला ती प्रयोगशाळा स्थानकापासून अगदी जवळ, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

ग्योटिंगेन पर्यटकांच्या यादीत सहसा नसते, आणि मराठी माणसाने तिथे थांबावे असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याहून परतल्यावर याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना 1885 साली सन्मान्य डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. भांडारकर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या पुणेकराला ग्योटिंगेनच्या गल्ल्यांतून फिरताना हे ठाऊक असले पाहिजे. गाव विद्यार्थ्यांचे आहे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत जाग असते आणि खाणे परवडते. नगरभवनासमोरच्या कारंज्यावर हंस घेतलेल्या मुलीचा छोटा पुतळा आहे. नवे डॉक्टरेट मिळवणारे वर चढून तिचे चुंबन घेतात आणि तिला फुले वाहतात. नशीब असेल तर तो सोहळा बघायला मिळतो.

काही नावांबाबत सावध करणेही आवश्यक आहे. हायडेलबर्गचे मुख्य स्थानक 1955 मध्ये शहराच्या पश्चिमेकडे हलवले. तेव्हापासून जुन्या गावात जायला बस किंवा ट्राम घ्यावीच लागते. कासेलला वेगवान गाड्या थांबतात त्या मध्यवस्तीत नव्हे, विल्हेल्म्सह्योहे या उपनगरातल्या स्थानकावर. कलोन-फ्रँकफर्ट मार्गावरच्या लिम्बुर्गचे जुने गाव फार सुंदर आहे, पण आयसीई या वेगवान गाड्यांचे स्थानक त्यापासून काही किलोमीटर लांब, मोकळ्या माळावर आहे. दिवसभराच्या सहलीला यांतली कोणतीही अडचण मोठी नाही. रात्री आठ वाजता चार बॅगा, पाऊस आणि झोपाळलेले मूल असताना मात्र ती फार मोठी होते. जुन्या गावांतली दगडी फरसबंदी चाकांच्या बॅगांना अतिशय जाचक असते, म्हणून हॉटेल गावाच्या मधोमध न घेता स्थानक आणि जुने गाव यांच्यामध्ये, सपाट रस्त्यावर घ्यावे असे मी नेहमी सुचवते.

तिकिटाबद्दल हमखास गैरसमज असतो. स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते, म्हणून वाटेत उतरता येत नाही, असे समजून लोक दोन वेगळी तिकिटे काढतात. जर्मन रेल्वेच्या ॲपवर आणि संकेतस्थळावर शोध घेतानाच मधले स्थानक भरता येते आणि तिथे किती तास थांबायचे हेही सांगता येते. मग मुक्कामासह सबंध प्रवासाचे एकच तिकीट निघते, आणि पुष्कळदा ते थेट तिकिटापेक्षा फारसे महाग पडत नाही. दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहावेत आणि मगच पैसे भरावेत. गंतव्यस्थानी वीस मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर होणार असे दिसले तर गाडीचे ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. मुक्काम जंक्शनवर करण्याचा फायदा इथेही होतो.

जेवणाचे लवकर बघावे. लहान गावांत भटारखाना रात्री नऊच्या सुमारास बंद होतो, आणि रविवारी दुकाने बंद असल्याने दूध, फळे, पाव यांसाठी मोठ्या स्थानकातल्या दुकानांवरच भिस्त ठेवावी लागते. शाकाहारी लोकांची एर्फुर्टमध्ये आबाळ होत नाही. थ्युरिंगिया या एर्फुर्टच्या प्रांतातले बटाट्याचे मोठे गोळे अळंब्यांच्या रश्श्याबरोबर मिळतात, फक्त रस्सा मांसाचा नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. एप्रिल ते 24 जून या काळात येणाऱ्यांनी पांढरा शतावरीचा कोंब जरूर खावा. व्युर्त्सबुर्गच्या आसपास तो पिकतो आणि हंगामात जवळजवळ प्रत्येक खानावळीच्या फळ्यावर असतो.

व्हिएन्नाहून फ्रँकफर्टकडे येणाऱ्यांनी यातले काहीच लक्षात ठेवायला नको. त्यांनी रेगेन्सबुर्गला उतरावे, तिथून डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल पायी गाठता येतो. बाकी कोणताही मार्ग असेल तर मला विचारताना तीन गोष्टी जरूर कळवा: मुक्कामाचा वार कोणता, गाडी किती वाजता पोहोचते, आणि सोबत कोण आहे. वार कळला की काय उघडे असेल ते सांगता येते, वेळ कळली की जेवणाचे ठरवता येते, आणि आजी-आजोबा आहेत की विशीतली मुले, यावर तर गावच बदलते.