लाइटनिंग रिज: डांबर संपलं की काळी माती

ऑस्ट्रेलियातल्या लाइटनिंग रिजला, म्हणजे ओपल या रंगीत चमकत्या रत्नाच्या खाणींच्या गावाला, निघालेल्याला सगळे ऊन, माश्या आणि कांगारूंबद्दल बजावतात. पावसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. न्यू साउथ वेल्सच्या कोरड्या उत्तर टोकाला पाऊस कुठला आडवा येतोय! तोच आडवा येतो.

गावापर्यंत काही प्रश्न नाही. डबोपासून गिलगांड्रा, कूनॅम्बल, वॉलगेट करत साधारण साडेतीनशे किलोमीटर, सगळं डांबर. गाडी नसेल तर सिडनी ते डबो रेल्वे आणि पुढे बस आहे, पण गावात पोचल्यावर वाहनावाचून हात बांधले जातात. वॉलगेटला टाकी भरा आणि शेवटचे पंचाहत्तर किलोमीटर सूर्यास्ताच्या आत संपवा. कांगारू समोर आला तर स्टिअरिंग वळवू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा. गाड्या उलटतात त्या बहुधा वळवल्यामुळे.

खरी परीक्षा ग्रॉविनची. ग्रॉविन, ग्लेनगॅरी, शीपयार्ड या ओपलच्या वस्त्या नैऋत्येला कंबोराच्या पुढे, रिजपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहेत. नकाशा तासाभराचा रस्ता दाखवतो. तो तास कोरड्या दिवसाचा. टेकाडांवर तांबडी, खडकाळ जमीन आहे, पण मधल्या सपाटीत काळी माती. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको: कापसाचीच जमीन, पाणी पिऊन फुगणारी, सुकली की भेगाळणारी. वॉलगेटच्या बाजूलाही कापूस पिकतो. फरक एवढाच की आपल्याकडे ट्रॅक्टर ओढायला शेजारचा गाववाला येतो, इथं तासन्‌तास कुणी फिरकत नाही.

पाऊस थोडा पडला तरी पुरे. टायरच्या खाचा भरतात, मग चिखल मडगार्डच्या आत साचत जातो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी हेच होतं; फक्त ती आणखी आत जाऊन रुतते. वाळूत टायरची हवा कमी करून निभावतं, इथं त्याचा फारसा उपयोग नाही. वरचा पापुद्रा सुकला म्हणजे रस्ता सुकला असं समजू नका, खाली लोणीच असतं. ऊन पडल्यावरही एक-दोन दिवस जाऊ द्या. शायर कौन्सिलनं (तिथल्या स्थानिक प्रशासनानं) रस्ता बंद केला असेल तर बंद म्हणजे बंद, दंड होतो. वाटेत पावसानं गाठलंच तर काळ्या पट्ट्यात थांबू नका, तांबड्या टेकाडावर गाडी लावा आणि तिथंच वाट बघा. माणशी पाच लिटर पाणी, फावडं आणि चक्क एक खुरपं बरोबर असू द्या. मडगार्डमधला चिखल काढायला त्याच्याइतकं कामाचं काही नाही. रिमच्या आत राहिलेली माती विटेसारखी घट्ट होते आणि शंभरच्या वेगाला गाडी थरथरू लागते. लोक अलाइनमेंट बिघडली म्हणून घाबरतात. हायवेला लागण्याआधी चाकं आतून धुवा.

भाड्याची गाडी असेल तर करारातलं कच्च्या रस्त्याचं कलम आधी वाचा. बहुतेक करारांत डांबर सोडलं की विमा संपतो, आणि ओढून आणायचा खर्च तुमच्या बोकांडी.

कोरड्या दिवशी मात्र ग्रॉविन चुकवू नये. रिजपेक्षा अस्सल. रोख पैसे न्या.

खाणींच्या भागात मागे सरकत फोटो काढू नका. ड्रिलनं पाडलेली उभी भोकं माणूस सहज आत जाईल एवढी असतात, खोली कित्येक मीटर, आणि सगळ्यांना झाकण नसतं. मातीच्या ढिगाऱ्यावर ओपल शोधायचा मोह झाला तर आधी पर्यटक केंद्रात जागा विचारून घ्या. ढीग बेवारस दिसला तरी तो कुणाच्या तरी क्लेमवर, म्हणजे खाणकामासाठी नोंदवलेल्या तुकड्यावर, असतो.

आता खरेदी. खिसा इथंच कापला जातो. खड्याच्या मूळ रंगाचा काळेपणा एन-१ (सर्वांत काळा) ते एन-९ असा मोजतात. एन-१ ते एन-४ म्हणजेच ब्लॅक ओपल, पुढचा कितीही चमको, तो ब्लॅक नव्हे. ट्रिप्लेट म्हणजे ओपलची पातळ चकती, खाली काळा थर, वर काचेची किंवा क्वार्ट्झची टोपी. खडा बाजूनं बघा: सरळ, सुरीनं कापल्यासारखी रेघ दिसली तर चिकटवलेला आहे. मागून बंद कोंदणात बसवला असेल तर कड दिसतच नाही, म्हणून सुटा खडा मागा. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच पेटतं; दाराबाहेर सावलीत नेऊन फिरवून बघा. बाहेर नेऊ देत नसतील तर उठा. चिकटवलेला दागिना घालून गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात बसू नका, डिंक सुटतो. कुंड छान आहे, पाणी चाळीस अंशांच्या वर, पंधरा मिनिटं पुरेत.

शाकाहाऱ्यांनी डबोतूनच शिधा भरावा. पबचं स्वयंपाकघर लवकर बंद होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, जाऊच नका.

एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा जास्त खर्च झाला, तर ६० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर जीएसटी, म्हणजे बिलाचा अकरावा हिस्सा, परत मिळतो. पण विक्रेता जीएसटीत नोंदलेला हवा. छोटे खाणवाले बहुधा नसतात, तेव्हा पैसे देण्याआधी विचारा. टॅक्स इन्व्हॉइस घ्या, हजार डॉलर किंवा जास्त असेल तर त्यावर तुमचं नाव लिहून घ्या, आणि खडा चेक-इन बॅगेत नको, हातातच ठेवा.