खालच्या खणातली बाटली

पुण्यात क्वार्टर गेटजवळ माझं मेडिकल आहे. गल्ल्याच्या खालच्या खणात एक छोटी बाटली असते. बाळांच्या मालिशसाठी जे ऑलिव्ह तेल मी विकतो, तेच त्यात भरलेलं. आमच्या चर्चच्या मंडळीत मी वडील आहे, वयानं नव्हे, पदानं (आता वयानंही म्हणायला हरकत नाही). बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं दुखणाइताच्या घरी जायचं, तेल लावायचं, प्रार्थना करायची, हे आमचं काम. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, ‘‘काका, गोळ्या पण तुमच्याच, तेल पण तुमचंच!’’ तेलाचे पैसे घेत नाही हे त्याला दहा वेळा सांगून झालं.

प्रार्थनेनं आजार बरं करण्याचं देवाचं दान आज चालू आहे की येशूच्या प्रेषितांबरोबर संपलं, हा वाद आमच्याकडे उपासनेनंतरच्या चहावर चालतो. बिबवेवाडीच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शिकणारा एक मुलगा येतो, तो ‘संपलं’वाला. त्याच्या मते चमत्कार म्हणजे प्रेषितांच्या निरोपावरचा शिक्का. निरोप पोचला, शास्त्र पूर्ण झालं, आता शिक्क्याचं काम काय? सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विननं हे दान राहिलं नाही असंच लिहिलं, आणि प्रिन्स्टनचे धर्मपंडित वॉरफिल्ड यांनी १९१८ साली त्यावर अख्खं पुस्तक केलं. गायनमंडळातली निम्मी पोरं ‘चालू’वाली. ती शनिवारी रात्री चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे करण्याच्या प्रार्थनासभेला, जातात आणि रविवारी आमच्याकडे पेंगतात.

मुलगा हुशार आहे, पण ऑगस्टिनपाशी अडतो. ऑगस्टिन हा चौथ्या-पाचव्या शतकातला हिप्पो शहराचा बिशप. तो तरुणपणी म्हणाला होता की असले चमत्कार आपल्या काळापर्यंत चालू ठेवलेले नाहीत. म्हातारपणी त्यानंच आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात बरे झालेल्या लोकांची जंत्री दिली. एकट्या हिप्पोत दोन वर्षांच्या आत सत्तरच्या आसपास लेखी साक्षी जमल्या होत्या. त्यातला कार्थेजचा इनोसेंशियस मला फार आवडतो. त्याला भगंदर. एकदा कापून झालेलं, एक खोल वाट राहून गेलेली, आणि पुन्हा कापायचं ठरलेलं. आदल्या संध्याकाळी तो धाय मोकलून प्रार्थना करतो. सकाळी वैद्य हत्यारं घेऊन येतो, पट्टी सोडतो, बघतो, चाचपतो. जखम भरून आलेली. माझ्या दुकानदारी डोक्याला यातला चाचपणारा वैद्य महत्त्वाचा वाटतो. येशूनंही कुष्ठरोग्याला बरं केल्यावर आधी याजकाला दाखवायला पाठवलं होतं. आमच्या काळच्या सभांमध्ये हा वैद्यच गायब असतो.

हे मी रागानं लिहितोय, आणि राग कुठून आला तेही सांगतो. माझी आत्या, वय एकाहत्तर, वीस वर्षांची मधुमेही. चार वर्षांपूर्वी शेजारणीबरोबर एका मैदानावरच्या सभेला गेली. उपदेशकानं स्टेजवरून सांगितलं की बरं झालोय असा विश्वास धरलात, तर गोळी घेणं म्हणजे त्या विश्वासावर शंका. आत्यानं इन्सुलिन बंद केलं. मला बोलली नाही. मीच महिन्याचं पेन घेऊन गेलो, तर फ्रीजमध्ये मागचं तसंच. एकोणीस दिवस झाले होते. चपलेनं लागलेली जखम तोवर काळी पडली होती.

अंगठा काढावा लागला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी वॉर्डात तिच्या कपाळाला तेल लावलं. सकाळी वैद्य आला, पट्टी सोडली, आणि जे करायचं ते त्याला करावंच लागलं. पुढच्या आठवड्यात सभेतल्या दोन बाया भेटायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘आत्याबाई, विश्वास कुठंतरी कमी पडला असेल.’’ मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही.

प्रेषित पौलाचा विश्वास कमी होता का? आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्यानं मिलेत गावात दुखणाईतच ठेवलं. शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, तेही पत्रातून, हात न ठेवता. स्वतःच्या देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. आणि त्याच पौलानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिताना ‘निरोगी करण्याची कृपादाने’ म्हटलंय. मूळ ग्रीकमध्ये तर ‘दान’ आणि ‘बरं करणं’ हे दोन्ही शब्द अनेकवचनी. मला त्यातून असं दिसतं की हे एखाद्याला कायमचं मिळालेलं लायसन्स नव्हे, माझ्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय तसलं. त्या त्या वेळी, त्या त्या दुखणाइताला मिळतं ते दान. देणारा आजही देतो, असं मी मानतो. ते पोस्टरवर स्वतःच्या फोटोखाली छापणाऱ्याला मानत नाही.

आमची आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०५ च्या जूनमध्ये तिथं पवित्र आत्म्याची जी लाट आली, अमेरिकेत अझुसा स्ट्रीटवर आलेल्या प्रसिद्ध लाटेच्याही दहाएक महिने आधी, ती मोठ्या बायकांनी पाहिलेली. त्यांच्या तोंडून ऐकलेलं आजी आम्हाला सांगायची, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करायच्या ते. मात्र खुद्द पंडिता रमाबाईंना ऐकू कमी येई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, आणि कानांपायी तो बेत सोडावा लागला. लाट आली, पण कान काही सुधारले नाहीत. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी बाई गेल्या. त्यांचा विश्वास मोजायला कुणी जावं?

माझ्या तेलाचा हिशेबही सांगतो. मंडळीतल्या एका वॉचमनचं तोंड वाकडं झालं होतं. तेल लावलं, तीन आठवड्यांत सरळ. त्यानं साक्ष दिली, मीही टाळी वाजवली. असा तोंडाचा लकवा, बेल्स पाल्सी, बऱ्याच जणांची आपोआप बरी होते हे मला माहीत होतं, पण तिथं उभं राहून सांगणार कोण. एका बाईंच्या सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट मात्र मी स्वतः पाहिले, पंधरा दिवसांच्या अंतरानं. पहिल्यात गाठ, दुसऱ्यात नाही. मशीन चुकलं असेल. असेलही. त्या दोन कागदांचा फोटो मी अजून मोबाइलमधून काढलेला नाही.

परवा आत्याकडे पेन द्यायला गेलो. सुई लावतोय तर म्हणते, ‘‘आधी तेल लाव.’’

‘‘आधी साखर बघू.’’

दोनशे बारा होती. मग तेल लावलं, प्रार्थना केली, आणि डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच इन्सुलिन दिलं.

‘‘मागच्या वेळी दोनशे चाळीस होती ना रे?’’

‘‘होती.’’

‘‘मग रविवारी साक्ष देऊ?’’

‘‘थांब गं जरा. तीन महिन्यांचा रिपोर्ट येऊ दे.’’