मेल्यात तर मारून दाखवा

शनिवारच्या गो-वर्गाचं (गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर जागा घेरायचा खेळ) गाडं अखेर हललं, आणि तेही पोरांनीच ढकललं.

सुरुवात यासुदा यासुतोशींच्या पद्धतीने झाली होती, हे मागे लिहिलंच आहे: जो पहिली सोंगटी घेरून खाईल तो जिंकला. हे जपानी ९ दान (सर्वोच्च व्यावसायिक दर्जाचे खेळाडू) बालवाड्यांमधून याच खेळाने गो शिकवत आले. नियम चटकन कळतात, पोरं खूश. पण खायची चटक लागली की जागा घेरायचं नाव कुणी काढत नाही. अटारी (पुढच्या चालीला खायची धमकी) दिसली की दिली, मग मागे भिंत उभी राहते की उकिरडा, पर्वा नाही.

तेही एक वेळ चाललं असतं. घोडं खरं अडलं मोजणीपाशी. ९×९ वर दोघांनी पास म्हटलं, म्हणजे डाव संपला; मी जपानी रिवाजाने कोपऱ्यातल्या, वाचूच न शकणाऱ्या म्हणून 'मेलेल्या' तीन पांढऱ्या उचलायला गेलो, तर पांढरेवाला म्हणतो, "काका, मेल्यात तर मारून दाखवा ना!" रास्त आहे त्याचं. पण जपानी मोजणीत घेरलेल्या रिकाम्या चौफुल्या (पटावरच्या रेघा छेदतात त्या जागा) आणि कैदी, म्हणजे खाल्लेल्या सोंगट्या, एवढंच धरतात. मारून दाखवायला काळ्याने स्वतःच्याच जागेत तीन सोंगट्या घातल्या आणि पांढरा पास करत राहिला, तर काळ्याचे तीन गुण गेले. बरोबर असणाऱ्यालाच दंड! मग उरतं काय, तर काका म्हणतात म्हणून मेल्या.

जपानात हे निभतं, कारण शेजारी जाणता बसलेला असतो आणि बघून बघून शिकायची सवय जुनी आहे. गुरू शिष्याशी क्वचितच खेळायचा. कितानी मिनोरू या गुरूंच्या घरी चो चिकुन, इशिदा, ताकेमिया हे नामांकित खेळाडू घडले ते बरेचसे एकमेकांशी खेळून. कोपऱ्यातला वाकडा चौघा (जगला की मेला यावर वाद होणारी एक मांडणी) घ्या: जपानी नियम त्याला सरळ मेला ठरवतात, चिनी नियम म्हणतात खेळून बघा. आमच्या आठ वर्षांच्या वकिलांना पहिलं उत्तर पटणं शक्य नाही.

म्हणून चिनी मोजणी लावली. तिथे सोंगटीही एक आणि घेरलेली चौफुलीही एक, त्यामुळे मारून दाखवणं फुकट. ते भांडण मिटलं, पण घेरलेली म्हणजे नेमकी कुठपर्यंत, यावर नवं पेटलं.

मग आणखी मागे गेलो, जुन्या चिनी रीतीवर: शेवटी पटावर ज्याच्या सोंगट्या जास्त, तो जिंकला. जागेचा विषयच नाही. फ्लेक्सवाल्याकडून ७×७ चा पट छापून घेतला, कॅरमचे तीन सेट एकत्र केले. काळ्या २७, पांढऱ्या २७. ४९ चौफुल्यांना पुरतात, आणि कुणी सगळंच खाल्लं तर मोजायचंय कशाला? टिचकी मारायचा मोह मात्र कुणाला आवरत नाही.

पोरं मुकाट भरत गेली. डोळा (गटाच्या आतली रिकामी जागा) बुजवला की अख्खा गट जातो, हे एकदा भोगल्यावर दोन डोळे उरले की हात आपोआप थांबायला लागले. 'दोन डोळे म्हणजे जिवंत' हे मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही. आणि मग चौथीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "काका, हे भरत काय बसायचं? इथे तो येऊच शकत नाही. माझेच धरा की!" झाली की चिनी मोजणी! तिला तिथल्या तिथे चिक्की.

पुढच्या महिन्यापासून कोरियन दोजांगसारखा (तिथल्या गो-शाळांसारखा) सुमेगोचा, म्हणजे गट जगवायच्या-मारायच्या कोड्यांचा, रतीब घालायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, थांबावं. जुन्या रीतीत प्रत्येक सुट्या गटाला दोन चौफुल्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. गट जास्त तितका तोटा जास्त. जोडणं-तोडणं यातूनच शिकतील की! सुमेगो त्यानंतर. तोवर ९×९ वर हेच, कोमी (दुसरा खेळतो म्हणून पांढऱ्याला द्यायचे भरपाईचे गुण) न देता, रंग आलटून पालटून. चिनी मोजणीत ८१ चे निम्मे ४०.५, म्हणून काळ्याला ४१ लागतात, हे गणितही त्यांच्याकडूनच काढून घेईन.

सामानाबद्दल: ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चुंबकी सेटच्या नादी लागू नका, एक ठेवली की शेजारच्या दोन सरकतात. पोरांसाठी युन्झीसारख्या (चिनी धाटणीच्या) एका बाजूने सपाट सोंगट्याच बऱ्या. जपानी, दोन्हीकडून फुगीर सोंगट्या देखण्या खऱ्या, पण कोपर लागलं की डुलतात.

१३×१३ वर जुनी मोजणी कुणी लावून पाहिली आहे का? भरता भरता पोरं कंटाळतील अशी धास्ती आहे. फ्लेक्स छापायला टाकण्याआधी कळवा.