उवाजिमाची बोली, वरूडची बाग

या महिन्याची प्रगती: जपानमधल्या उवाजिमाच्या बोलीतले ‘योरु’ आणि ‘तोरु’ हे क्रियापदांचे शेवट आता विचार न करता तोंडात येतात. पुस्तकी जपानी आधी बऱ्यापैकी जमत होतं, पण जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत, बोलण्याची परीक्षाच नाही, बोली तर दूरच. उवाजिमात एकटी राहायला लागले तेव्हा खरं शिकणं सुरू झालं.

उवाजिमा म्हणजे शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात. समुद्राला लागून डोंगर, डोंगरावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि त्यांवर मिकान, त्यांची बिनबियांची संत्री. मी वरूडकडची, बागाईतदाराची मुलगी. घरमालकीण, बसथांब्यावरच्या आज्या, कोणाशीही बोलणं बहारावरून सुरू व्हायचं. परक्या मुलखात एकट्या बाईजवळ असा एक पिढीजात विषय असला की ओळखी पटकन होतात. (जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: घर मिळाल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तिथंच स्वयंसेवकांच्या भाषावर्गाचीही चौकशी करा.)

आता मुख्य गोष्ट. प्रमाण जपानीत काम चालू असो की होऊन गेलेलं, रूप एकच, ‘ते इरु’. अर्थ क्रियापदावरून आणि संदर्भावरून लावायचा. उवाजिमाची बोली दोन्ही वेगळं ठेवते. ‘मिकान गा ओचियोरु’ म्हणजे फळं आत्ता, डोळ्यांदेखत गळताहेत. ‘ओचितोरु’ म्हणजे गळून खाली पडलेली आहेत. इंग्रजीतून हे शिकताना माझा नेहमी गोंधळ व्हायचा. वऱ्हाडी समोर ठेवली आणि सुटला: ‘संत्रे गयून राह्यले’ आणि ‘संत्रे गयून पडले’. फक्त एक सांभाळा. ‘गयून राह्यले’ची बांधणी ‘तोरु’सारखी दिसते, अर्थ मात्र ‘योरु’चा आहे.

सध्या गावी आहे आणि भादव्यात अंबिया बहाराची फळगळ सुरू आहे. बाबांना तिची काळजी, मलाही आहेच. सकाळी गळालेली फळं वेचून बागेबाहेर टाकायला जाते तेव्हा झाडाझाडाखाली थांबून दिसेल ते त्या बोलीत म्हणते, फोनवर रेकॉर्ड करते आणि ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवर उवाजिमाच्या शेजारच्या आजींना पाठवते. त्या उत्तर देतात ते लांबलचक, त्यांच्या बागेतल्या पावसासकट. तेच पुन्हापुन्हा ऐकून कारण सांगणारा ‘केन’ माझ्या वाक्यांत आपोआप यायला लागला, पुस्तकातला ‘कारा’ मागे पडला. सुराचे चढउतार अजून कच्चे आहेत.

तोडणी आटोपली की मिकानचा हंगाम सरण्याआधी परत जायचं आहे. त्याआधी भूतकाळ पक्का करायचाय. ‘ओचियोत्ता’साठी मी ‘गयून राह्यले होते’ धरलंय, पण याच रूपानं तिथं ‘पडता पडता राहिलं’ असंही म्हणतात. ते वऱ्हाडीत कोणी नीट बसवलं असेल तर मला नक्की सांगा.