डावा घोटा

सासवडच्या मुक्कामी पोचलो तेव्हा मोजे पायाला चिकटले होते. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा दमवणारा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट आणि दिवसभर भुरभुर पाऊस. दोन्ही टाचांच्या मागे रुपयाएवढे फोड आले होते. खापर अर्थातच घाटावर फोडलं.

दिंडीतल्या एका आजींनी पाय बघून एवढंच विचारलं, "माउली, बूट कवा घेतलं?"

"आठवडा झाला."

त्या नुसत्या हसल्या. त्यांच्या पायात झिजलेली रबरी चप्पल होती आणि टाचा ठणठणीत.

फोड घासून येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ओलसर कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते, हे मला तिथल्या सेवेकरी डॉक्टरांनी सांगितलं. वरचा थर खालच्यावरून सरकतो आणि मधल्या फटीत पाणी भरतं. शिवाय चालून चालून पाय सुजतो, त्यामुळे सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी आवळायला लागतो. मी दुकानात गेलो होतो सकाळी दहाला, ताज्या पायांनी! तंबूतला एकजण फोडातून सुई-दोरा ओवायला निघाला, त्याला डॉक्टरांनी चांगलंच झापलं. दोरा आत राहिला की त्याच वाटेनं जंतू आत जातात.

बेचक्यांतल्या चिखल्यांचं कारणही तेच, ओल. पण आमच्यात मधुमेह असलेले एक काका होते, त्यांचं पाहून मी घाबरलो. चपलेत खडा घेऊन ते दिवसभर चालले. रात्री पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा कळलं. दुखलंच नव्हतं. मधुमेहानं पायाची जाणीवच बोथट होते. त्यानंतर त्यांचे तळवे रोज रात्री बॅटरी घेऊन कोणीतरी बघायचं.

फोड जेजुरीनंतर सुकत आले. नीरा ओलांडली, लोणंद झालं, आणि डावा घोटा बाहेरच्या बाजूनं ठणकायला लागला. पाय कुठे मुरगळला नव्हता. मग डावाच का? याचं उत्तर डॉक्टरांनी नाही, दिंडीच्या ट्रकवाल्यानं दिलं. "तुम्ही रोज डाव्या कडेनं चालता ना? पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. माझा ट्रकही कडेला घेतला की तिरका होतो."

खरंच की. त्या उतारावर डाव्या पावलाची बाहेरची कड प्रत्येक वेळी खाली जात होती. पाय मुरगळताना घोट्याच्या बाहेरचे जे स्नायुबंध ताणले जातात, तेच रोज हजारो वेळा थोडे थोडे ताणले जात होते. एका झटक्यात जे व्हायचं, ते चार दिवस हप्त्यानं चाललं होतं.

उजव्या टोकाला गेलो असतो तर उजवा घोटा गेला असता. सपाट रस्ता फक्त मध्ये. पण आमच्या दिंडीत मधल्या रांगा टाळकऱ्यांच्या, आणि मला टाळ वाजवता येत नव्हता. वीणेकरी काकांना घोटा दाखवला. त्यांनी काही न बोलता पडशीतून एक जोडी काढून हातात दिली.

माळशिरसपर्यंत मी चुकीचा वाजवला. शेजारचे दोघे ठेका सोडून माझ्याकडे बघायचे, मग "चालू द्या माउली" म्हणायचे.