ग्रोथ हार्मोनची तपासणी : माझा अनुभव

एकदा रक्त काढून ग्रोथ हार्मोन मोजलं, ते ‘नॉर्मल’ आलं, म्हणजे ॲक्रोमेगाली नाही, असं मला एका ठिकाणी सांगून मोकळं केलं होतं. ॲक्रोमेगाली म्हणजे बहुधा पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन जास्त सुटून मोठेपणी हातपाय आणि चेहरा वाढत जाण्याचा आजार. हा आजार असेल का अशी शंका ज्यांना आहे, त्यांनी या वाक्यावर विसंबू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी खानापूरची, वय सत्तेचाळीस. पायातली जोडवी घट्ट होत होत बोटात रुतली. साबण लावला, दोरा गुंडाळला, काही उपयोग झाला नाही. शेवटी शहापुरात सोनाराकडून कापून घेतली. चपलेचा नंबर वाढला, आवाज घोगरा झाला, पुढच्या दातांत फटी पडल्या. रात्री मी इतकी घोरायची की हे उशी घेऊन माडीवर झोपायला जाऊ लागले. सासूबाई म्हणायच्या, वयानं अंग सुटतं गं. साखरही सीमारेषेवर आली होती.

बेळगावातल्या हार्मोनच्या डॉक्टरांनी तो जुना रिपोर्ट बघून बाजूलाच ठेवला. ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एकसारखं येत नाही, झटक्याझटक्यानं सुटतं. झोपेत जास्त सुटतं, व्यायामानं आणि ताणानंही वाढतं. सुई कोणत्या घटकेला टोचली त्यावर आकडा ठरतो. निरोगी माणसाचा आकडा मोठा येऊ शकतो आणि आजारी माणसाचा अगदी साधारण.

म्हणून पहिली तपासणी आयजीएफ-१ ची. ग्रोथ हार्मोनच्या हुकमावरून हे द्रव्य मुख्यतः लिव्हर तयार करतं आणि दिवसभर त्याची पातळी फारशी हलत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. डॉक्टरांनी आधी बरेच प्रश्न विचारले. पाळीच्या तक्रारीसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत का? लिव्हरचा त्रास, थायरॉइड कमी, साखर फार वाढलेली? या सगळ्यांत आयजीएफ-१ खोटं कमी दिसू शकतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होते, त्याही आधी बंद करायला लावल्या, कारण काही लॅबच्या पद्धतीत बायोटिन आकडा बिघडवतं. केसांची गोळी रक्ताच्या रिपोर्टात लुडबुड करेल, हे कुणाच्या डोक्यात येणार!

रिपोर्ट वाचताना आपल्या वयासाठीची मर्यादा बघायची, हे मला तेव्हा कळलं. विशीतल्या मुलीला जो आकडा साधारण, तोच माझ्या वयाला जास्त. लॅबनं फॉर्मवर वय चुकीचं लिहिलं तर सगळंच मुसळ केरात. माझा आकडा मर्यादेच्या थोडाच वर होता. फार वर असता आणि लक्षणंही अशी ठळक असती, तर तेवढ्यावर निदान होऊ शकलं असतं, पण काठावरच्या आकड्यावर डोक्याचं ऑपरेशन कोण ठरवणार? म्हणून ग्लुकोजची चाचणी.

रात्रीपासून उपाशी. सकाळी दवाखान्यात हातात कॅन्युला बसवली, म्हणजे दर वेळी नवी सुई नको. पहिलं रक्त काढलं आणि मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून दिलं. पाच मिनिटांत संपवायचं. अर्धा ग्लास झाल्यावर घशाशी आलं. सिस्टर कन्नड, मला म्हणाली, “आक्का, एनू आगंगिल्लरी, कुडीरी.” काही होत नाही, प्या. प्याले. पुढे दोन तास, दर अर्ध्या तासाला रक्त. प्रत्येक वेळी साखर आणि ग्रोथ हार्मोन दोन्ही मोजायचं. मध्ये चहा नाही, फिरणं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मामींनी डब्यातली भाकरी-झुणका उघडला तेव्हा मात्र जीव कासावीस झाला.

साखर वाढली की निरोगी शरीरात ग्रोथ हार्मोन दबतं, मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या खाली जातं. हल्लीच्या नाजूक मोजणीत ही मर्यादा ०.४ पर्यंत खाली धरतात. ॲक्रोमेगालीत गाठ जुमानत नाही, ती आपलं हार्मोन सोडतच राहते. काहींच्या बाबतीत तर उलट वाढतं. माझे पाचही आकडे तीनच्या वर होते. साखर नीट वाढली होती, त्यामुळे चाचणीत खोट काढायला जागा नव्हती.

त्यानंतरच एमआरआय. आधी फोटो काढून गाठ शोधत बसायचं नाही, कारण पिट्युटरीत निरुपद्रवी बारीक गाठी अनेकांना असतात. हार्मोननं आजार ठरवायचा, मग जागा शोधायची, हा क्रम मला पटला. माझी गाठ एक सेंटिमीटरच्या आतली निघाली. प्रोलॅक्टिन, सकाळचं कॉर्टिसोल, थायरॉइड ही बाकीची हार्मोन्सही तपासली आणि नाकावाटे ऑपरेशन झालं.

आयजीएफ-१ पुन्हा तीन महिन्यांनी केलं, ते आता मर्यादेत आहे. यापुढे दर वर्षी करायचं आणि त्याच लॅबमध्ये, कारण एका कंपनीच्या किटचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या किटशी जुळेलच असं नाही. आमच्याकडून नमुना बर्फात घालून बाहेरगावी जातो, म्हणून मी सोमवारीच रक्त देते. शनिवारी दिलं तर रविवारभर कुठल्या खोक्यात पडून राहील, कोण जाणे.