कळा म्हणजे काय ते काल कळलं
काल पहाटे मुलगी झाली 😊 नवव्या महिन्यात पोट मधूनच कडक व्हायचं, कूस बदलली की जायचं, त्या खोट्या कळा. खऱ्या कळा माझ्या कंबरेतून सुरू होऊन ओटीपोटात यायच्या आणि काही केलं तरी वाढतच गेल्या, मधे जरा शांत व्हायचं तेवढ्यात मी चक्क डुलकी काढली. पिशवीचं तोंड १० सेंटीमीटर उघडेपर्यंत जोर लावू नको म्हणून सिस्टर ओरडतायत, पण शरीर ऐकतंय होय, अगदी संडासला लागल्यासारखा दाब येतो (हे कुणी आधी सांगतच नाही बाई!). मग हनुवटी छातीला लावून कळ आली की जोर, गेली की श्वास. डोकं बाहेर येताना नुसती आग आग. आई बाहेर देवाचं नाव घेत होती म्हणे, मी आत नवऱ्याचं, तेही चांगल्या शब्दांत नाही 😄